दोन वॉर्डांमधला ओटा

पहाटे चारला मालुबाईचा दिवस सुरू व्हायचा. निपाणीच्या त्या दवाखान्याची विहीर मागच्या अंगाला, उतारावर होती. भरली घागर घेऊन चढ चढायचा, पुरुषांच्या वॉर्डातला रांजण आधी भरायचा, मग बायकांच्या. घागर काठोकाठ भरली की चढावर सांडते आणि दगड निसरडे होतात. कमी भरली की खेप वाढते. मालुबाई पाणी घागरीच्या गळ्यापाशी थांबवायची. उजाडल्यावर रोगी पाणी मागायला लागत, त्याआधी दोन्ही रांजण भरलेले असत.

ती मूळची बोरगावची. नवरा लवकर गेला. पोराला घेऊन निपाणीला आली आणि तंबाखूच्या वखारीत चाळणीच्या कामाला बसली. दिवसभर तंबाखूच्या धुळीचा खकाणा नाकातोंडात जायचा, पण मजुरी पाणी भरण्यापेक्षा बरी मिळायची. तरी तिनं वखार सोडून घागर उचलली. त्याचं कारण तिचा ज्योतिबा.

ज्योतिबा सात वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला. दवाखान्यात वॉर्ड दोनच, पुरुषांचा आणि बायकांचा. पाच वर्षांवरचा मुलगा म्हणजे पुरुष, असा तिथला नियम. ज्योतिबाला मोठ्या माणसांच्या रांगेत, मोठ्या माणसाच्या लोखंडी खाटेवर निजवलं. आईला संध्याकाळी थोडा वेळ भेटू देत. बाकीचा वेळ दाराबाहेर.

"आत जाऊ द्या की अण्णा. कोपऱ्यात बसते."

"बाईमाणसाला आत न्हाय," दारावरचा शिपाई भावकू म्हणायचा. "गडीमाणसं उघडीवाघडी पडल्यात. तुला तरी बरं दिसंल व्हय?"

बोलणं खोटं नव्हतं. मालुबाई दाराशीच बसून राहायची.

ताप उतरला आणि पोराला भूक लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, या तापात आतडं कच्चं होतं, अजून काही दिवस दूध आणि कांजीच. पण पोर भुकेनं रडत होतं. शेजारच्या खाटेवर यल्लाप्पा गाडीवान पाय मोडून पडला होता. दयाळू माणूस. घरून आलेल्या भाकरीतली अर्धी त्यानं पोराला दिली. वॉर्डात कोण कुणाला काय देतो, ते बघायला माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोराचं पोट फुगलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

यल्लाप्पा खाटेवर बसून कपाळ बडवून घेत होता. "लई रडत हुतं गं बाई. माज्यानं बघवलं न्हाय. मला काय ठावं?"

मालुबाईनं त्याला बोल लावला नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून राहिली. आपण दाराशी बसून होतो, आणि पाणी भरणारी म्हातारी दिवसभर आतबाहेर करत होती. तिला कोणी अडवत नव्हतं.

म्हातारी थकून घरी बसली तेव्हा मालुबाईनं ते काम मागून घेतलं. कमी पगारातूनही ती थोडं बाजूला टाकायची. बोरगावच्या घरावर गवताचं छप्पर होतं. तिथं कौलं घालायची आणि म्हातारपणी जाऊन राहायचं, एवढाच तिचा बेत होता.

वॉर्डात पोरं येतच राहिली. खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी पाय मोडलेलं पोर. उंच खाटेवरून झोपेत पडलेलं पोर. मालुबाई जाता येता कुणाला पाणी पाजायची, कुणाचं पांघरूण सारखं करायची. पण घागर थांबून चालत नाही, आणि पाठ फिरली की पोर एकटं.

आठेक वर्षांनी, उन्हाळ्यात, भरमू नावाचा मुलगा आला. तोच ताप. त्याची आई अंबुबाई दाराशी बसली, अगदी त्याच जागी.

भरमूचा ताप उतरला त्या दिवशी दुपारी मालुबाई घागर घेऊन वॉर्डात शिरली. रोग्यांच्या घरून भाकऱ्या आल्या होत्या. शेजारच्या खाटेवरचे मारुतीराव हात लांब करून भरमूला तुकडा देत होते. मालुबाईनं घागर खाली ठेवली आणि तुकडा वरच्यावर काढून घेतला.

"काय गं ए!" मारुतीराव खवळले. "हातातलं हिसकावतीस? उपाशी मारता व्हय पोराला?"

"मारायचं न्हाय म्हणूनच काढून घेतलं, आप्पा."

"कांजीवर माणूस जगतंय व्हय? मी हाय तवर ह्ये पोरगं उपाशी ऱ्हाणार न्हाय, सांगून ठेवतो."

भाकरीकडं बघून पोर हात पसरत होतं. रांजण अर्धाच भरला होता. विहिरीवर जाऊन यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात भाकरी खाऊन होते. मालुबाईनं दाराकडं पाहिलं. अंबुबाईला आत येता येत नव्हतं. मग पोरानं बाहेर जायचं.

दोन वॉर्डांच्या मध्ये, भिंतीच्या सावलीत, एक दगडी ओटा होता. तो पुरुषांचाही नव्हता आणि बायकांचाही नव्हता.

"भावकूअण्णा, खाटंला एका बाजूनं हात लावा."

"माजी नोकरी घालवतीस व्हय आक्का? जा, पाणी भर."

मालुबाईनं पदर खोचला. लोखंडी खाट नुसती ओढली तर पाय फरशीत अडकतात आणि निजलेल्याला हिसके बसतात. तिनं घोंगडं घडी करून मागच्या पायांखाली सारलं, पुढची बाजू उचलली आणि पाठमोरी सरकू लागली. खाटांवरची माणसं उठून बसली. कोणीतरी हसलं, "पाणी भरणारी आता वॉर्डच उचलून नेती!" उंबऱ्याशी खाट अडली. तिच्या हातांना घाम सुटला होता, पकड सुटत होती.

"बाहेरनं धर गं," ती अंबुबाईला म्हणाली. "उंबऱ्याच्या आत पाय टाकू नगंस. नुसतं धर."

अंबुबाईनं बाहेरून धरलं. मालुबाई आत वळून मागच्या पायांशी गेली. दोघींनी मिळून खाट उंबऱ्यावरून काढली आणि ओट्यावर नेली. भरमूनं आईचा हात धरला. आत कांजीची वाटी तो तोंडाला लावू देत नव्हता. आईनं पाजल्यावर प्याला आणि झोपला.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. दोन तालुक्यांचे रोगी बघून थकलेला माणूस.

"खाट कुणी हलवली?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच न्हाय. आत पोराच्या हातात भाकरीचा तुकडा पडणार हुता."

डॉक्टरांनी वाकून झोपलेल्या पोराचं पोट चाचपलं. मग म्हणाले, "तिसऱ्या प्रहरी इथं ऊन येईल. डोकं भिंतीकडं करा." आणि आत गेले.

भरमू चालत घरी गेला. पण ओट्यावर छप्पर नव्हतं. उन्हाळ्यात पोरं आणि आया तिथं असत. पाऊस लागला की खाटा परत पुरुषांत आणि आया परत दाराशी. पोरांसाठी वेगळी खोली मागायला डॉक्टरांनी वर लिहिलं. तूर्त पैसा नाही, असं उत्तर आलं. एका पावसाळ्यात आत नेलेलं पोर गेलं. कशानं गेलं ते कोणी नीट सांगू शकलं नाही. त्या वेळी जवळ कोणीच नव्हतं.

पावसाळा सरल्यावर मालुबाईनं साठवलेली पुंजी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते नको म्हणाले. ती उचलेना.

ओट्यावरच्या छपरासाठी वाशांची गाडी आली तेव्हा भावकू तिला म्हणाला, "आक्का, म्हातारपणी बोरगावला कुठं निजणार? गवताखाली?"

"माझं मी बघीन. तुम्ही वासे उतरून घ्या. नुसतं बघत उभं ऱ्हाऊ नगा."

बोरगावच्या घरावर शेवटपर्यंत गवतच राहिलं. मालुबाईच्या पगाराची कौलं निपाणीत त्या ओट्यावर चढली. त्यांच्याखाली तीन खाटा मावत, आणि प्रत्येक खाटेशी आईला बसायला एक पाट.