गहाणखताची टीम

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा हातात आलेल्या रकमेपैकी अर्धी कुठेतरी कामाला लावावी, अशी मला हुक्की आली. जुन्नरच्या एका परवानाधारक सावकाराला वयामुळे धंदा आवरायचा होता. त्याच्याकडचं जमिनीचं एक गहाणखत तो थोडी रक्कम सोडून माझ्या नावे करून द्यायला तयार होता. कर्जदार आणे पठारावरचा, घरंदाज, रस्त्याला मंगल कार्यालय बांधून बसलेला. त्याने पैसे थकवले तर तारण म्हणून चार एकर जमीन होती, विहिरीसकट.

पुण्याचा भाचा म्हणाला, “मामा, अशा व्यवहाराला टीम लागते.” त्यानेच ती जमवली. वकील, सीए आणि जमिनीची किंमत ठरवणारे इंजिनिअर. आमची बैठक नारायणगावच्या एका हॉटेलात, एसी विभागात झाली. इंजिनिअरांच्या कार्डावर पदव्यांची इतकी गर्दी होती, की फोन नंबराला मागच्या बाजूला जावं लागलं होतं.

कामात मात्र कुणी कसूर केली नाही. वकिलांनी तीस वर्षांचे सातबारे आणि फेरफार तपासले; सगळीकडे कर्जदाराचंच नाव. सीएंनी व्याज मांडून दाखवलं. इंजिनिअरांचा अहवाल रंगीत होता, उपग्रहाच्या फोटोत विहिरीभोवती लाल गोल. ते जागेवरही जाऊन आले होते, म्हणजे मंगल कार्यालयात जेवले आणि कर्जदाराने गच्चीवरून हात करून जमीन दाखवली. तिघांचं मत एकच पडलं: घ्या.

सह्या सोमवारी व्हायच्या होत्या. रविवारी मी एकटाच पठारावर गेलो. पोरगा वर्गात कितीही हुशार दिसला तरी एकदा त्याचं घर पाहून यायची मास्तरकीतली सवय सुटली नव्हती.

कांदा निघालेल्या त्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या. खतासाठी आमच्याकडे बसवतात तशा. मेंढपाळ ओळखीचा निघाला, त्याची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती. मी जमीन कुणाची म्हणून विचारलं, तर त्याने कर्जदाराच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. मी अहवाल उघडून दाखवला. त्याने तो अदबीने पाहिला.

“गुरुजी, कागदाचं मला ठावं नाय,” तो म्हणाला. “पण पंधरा-सोळा वर्सं मी हितं धाकल्याला इचारून मेंढरं बसवतोय. त्या बदली ज्वारी बी त्योच घालतो. हिर त्यानंच खांदली. थोरल्याचं त्ये रस्त्याकडचं, कार्यालय हाय तिथलं.”

वाटपानंतर भावांनी तोंडी अदलाबदल केली होती. थोरल्याला रस्ता हवा होता, धाकट्याला माती. कागद जिथल्या तिथे राहिले. त्यामुळे थोरल्याचं कार्यालय धाकट्याच्या नावच्या जमिनीवर उभं होतं, आणि धाकट्याची विहीर थोरल्याने गहाण टाकली होती. यात फसवणूक नव्हती. कार्यालयासाठी कर्ज काढताना ज्या कागदावर आपलं नाव आहे तो त्याने दिला, इतकंच. आमच्या तालुक्यात अशा अदलाबदली गावोगाव आहेत. मेंढ्या कुणाला विचारून बसवायच्या, हे माहीत असलं की लोकांचं भागतं.

सोमवारी टीमला हे सांगितलं. इंजिनिअर म्हणाले, जमिनीच्या किमतीत फरक पडत नाही. वकील जरा विचार करून म्हणाले, “भांडण होईल, पण कागद आपल्याकडे आहे. जिंकाल तुम्हीच.”

ते बरोबर असावेत. मला भीती नेमकी तीच वाटली. ज्याने कुणाकडून एक पैसा घेतला नाही त्याची विहीर जिंकून मी तिच्या काठावर काय करणार होतो? मी सही केली नाही. तिघांची फी दिली, चहा पाजला.

मग धाकट्या भावाकडे गेलो आणि गहाणखताचं सगळं सांगितलं. अदलाबदलीचा कागद लवकर नोंदवून घ्या, खर्च फार नाही, असंही म्हणालो. त्याच्या बायकोने आतून सरबत आणलं, ते तसंच राहिलं.

“तुमी म्हंता त्ये खरं हाय,” तो शेवटी म्हणाला. “पण थोरल्या भावाकडं कागद मागायचा, बरं दिसतं का, गुरुजी?”

माझे पैसे पोस्टात आहेत. तो कागद, माझ्या माहितीप्रमाणे, अजून झालेला नाही.