दाराच्या अलीकडची खोली

त्या खोलीत पलंग भिंतीला सरकवून ठेवलेला असे. मधली जागा मोकळी. एक मोठा रबरी चेंडू, छताच्या कडीला बांधलेला जाड कापडी पट्टा, खाली गादी. ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय अशा बायका इथे बाळंत होत. डॉक्टर येत नसत. मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या नर्स, असत. बाईने हिंडायचं, पट्ट्याला लोंबकळायचं, हवं तेवढं ओरडायचं.

खोली ताईंनी भांडून मिळवली होती. आधी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. त्या तिथल्या मुख्य मिडवाइफ. हॉस्पिटलात सगळेच त्यांना ताई म्हणत, वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा.

खोलीला आतल्या बाजूने एक दार होतं. पलीकडे डॉक्टरांचा विभाग. बाईचं बीपी वाढलं, तर अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं. तेव्हाही वाढलेलंच असलं, तर तिला पलीकडे न्यायचं. नेलं की परत आणायचं नाही. पूर्वी कळा देणाऱ्या बायकांची या दारातून नुसती ने-आण चाले. "ती काय पार्सल आहे?" ताईंनी मीटिंगमध्ये विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावून दाराची पलीकडची मूठच काढून टाकली, म्हणजे तिकडून ते उघडायलाच नको.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ताईंना दिवस गेले. बाळ आपल्याच खोलीत होणार, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवलं. बाळंतपण करणार धाकटी. सगळ्या मिडवाइफमध्ये ती लहान, ताईंच्याच हाताखाली शिकलेली.

दुपारी ताई चालतच आल्या. मागे बॅग घेऊन नवरा. तो बस चालवायचा.

"पाणी कोमट आहे," शॉवरखाली हात धरून ताई म्हणाल्या. "असं शिकवलं का मी?"

"ताई, आज तुम्ही पेशंट आहात."

"अगं, गप बस ना जरा," नवरा म्हणाला. "मागच्या सीटवरून हुकूम सोडणारे मला रोज भेटतात."

धाकटी हसली. तिने ताईंच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा जास्त होता. मग ती हसेना.

"चालून आलेय," ताई म्हणाल्या. "धाप लागलीय."

"हो. अर्ध्या तासाने बघू. डोकं दुखतंय?"

"नाही."

दुखत होतं. सकाळपासून कपाळात ठणकत होतं. हा प्रश्न ताईंनी आजवर बीपी वाढलेल्या प्रत्येक बाईला विचारला होता.

ताई पट्ट्याला लोंबकळल्या. चेंडूवर बसल्या. कुठेही बसल्या तरी समोर दार यायचं. एवढी मोकळी खोली, पण त्यांना वळायला जागा पुरेना.

अर्धा तास झाला. ताई गादीवर डाव्या कुशीला वळल्या आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

धाकटी बीपीचा पट्टा घेऊन तशीच उभी राहिली. कुशीवर झोपलेल्या बाईचा वरचा हात काळजापेक्षा उंच असतो, तिथे बीपी आहे त्याहून कमी दिसतं. वरचा हात खोटं बोलतो, हा ताईंचा पहिला धडा.

"बांध," ताई म्हणाल्या.

धाकटी खाली बसली. "ताई, उठून बसता का?"

"का?"

"ते तुम्हीच सांगा."

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"बांध म्हणते ना मी!"

"नाही बांधणार. हवं तर ओरडा माझ्यावर."

कळ आली. ताईंनी गादीची कड मुठीत धरली. कळ ओसरली तरी त्यांनी ती सोडली नाही. मग त्या उठून बसल्या. धाकटीने बीपी घेतलं. आकडा आधीपेक्षा वर होता.

"डोकंही दुखतंय," ताई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

पलीकडे पलंग मधोमध होता. त्याला दोन्ही बाजूंनी कठडे. हातात सलाईन, पोटावर बाळाचे ठोके मोजणारा पट्टा. डॉक्टर बाई भल्या होत्या. "ताई, आता सगळं आमच्यावर सोडा," त्या म्हणाल्या.

"उभी राहू का?"

"वायरी निघतील ना."

"थोडाच वेळ काढायचाय," नवरा म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?" ताई म्हणाल्या.

त्याने बॅग पलंगाखाली सरकवली. मशीनमधून बाळाचे ठोके भराभर ऐकू येत होते. ठोके चांगले होते, ताईंना ते कळायला मशीनचा कागद लागत नव्हता. त्या दाराकडे बघत पडून राहिल्या. मूठ होती तिथे स्क्रूची भोकं तेवढी उरली होती.

दारामागून धाकटीचा आवाज आला. दुसरी कुणी आली होती. "आडवं पडायचं नाही," धाकटी तिला सांगत होती. "हिंडा. लोंबकळा. ओरडा बिनधास्त."

ताईंना कळ आली. त्या कुशीवर वळायला गेल्या, पोटावरचा पट्टा ताणला, कुणीतरी हलकेच त्यांना सरळ केलं.

मग त्या ओरडल्या. तेवढं झोपूनही करता येत होतं.