नागूबाईचा हात

चिटगुप्प्याच्या बाजारात नागूबाई कासारणीने बांगड्या भरल्या की नवरीच्या हातावर ओरखडा उठत नाही, अशी तिची ख्याती होती. ती हात पदरात घेई, अंगठ्याखालचा भाग दाबून मऊ करी, आणि पोरगी गप्पांत गुंतली की काच मनगटावर उतरलेला असे. मुडबीला दिलेल्या गौरम्माच्या लग्नात तिनेच चुडा भरला होता. तेव्हा दोघी कोवळ्या सुना होत्या. पुढे दर सणाला गौरम्मा येई, घट्ट मापाचा हिरवा काच मागे, आणि कानडी-मराठीची मिसळ करून दोघी सासवांची यथेच्छ नक्कल करीत.

गेल्या पंचमीला मात्र बांगड्या भरल्या आणि सांजेपर्यंत गौरम्माचे मनगट काळेनिळे पडले. आपला हात जड झाला, असे नागूबाईने मनाशी ठरवून टाकले. तेव्हापासून ती बांगड्या विकी, भरायला मात्र सुनेला बसवी.

यंदा गौरम्मा नात शैलश्रीला घेऊन दुकानात आली. तिला पाहताच नागूबाई सुनेला पुढे करून मागे सरली.

"कामून लपायलीस गं? तुझ्या हातानं न्हाई झालं ते."

शैलश्रीने कलबुर्गीच्या डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. आजीचे यकृत बिघडले होते. त्यामुळे पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट तिथेच अडकू लागल्या. रक्तात त्या कमी उरल्याने जरा दाबले तरी कातडीखाली डाग पडत.

"आधी डेंगू समजून पपईच्या पाल्याचा रस पाजला घरच्यांनी," गौरम्मा म्हणाली. "माझ्या सासूच्या बोलण्यापरीस कडू."

नागूबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो उतरल्याचीच तिला लाज वाटली.

"नातीच्या लग्नात हात रिकामे ठेवू का? भर. पहिल्याच मापाच्या."

"न्हाई अक्का. काच फुटून लागला तर रगत थांबायचं न्हाई." नागूबाईने लाखेच्या, सैल मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या.

"ह्या तर म्हशीच्या पायात बी जातील."

"जाऊ दे. तुझ्या हातात राहिल्या म्हंजे झालं."

तिने गौरम्माचा हात पदरात घेतला. न दाबता बांगडी भरणे तिला ठाऊकच नव्हते. सवयीने अंगठा पुढे सरला, तो तिने आवरला. बांगड्या आपसूक मनगटावर उतरल्या. गौरम्माने हात हलवून पाहिला. लाखेला किणकिण नव्हती.

"आता हिला भर. काचेच्या," तिने नातीचा हात पुढे केला. "माझ्या मापाच्या, घट्ट."

सून पुढे सरकत होती. नागूबाईने तिला हातानेच थांबवले आणि शैलश्रीचा तळवा दाबायला घेतला.