पहिल्या नंबरचे कोच

मंडळी, दुपारपासून मन कशातच लागून नाही राह्यलं.

आज आमच्या बालाघाटात आम्ही कमिटीवाले कॉलेजांच्या बास्केटबॉल कोचची रँकिंग ठरवाले बसलतो. सगळे म्हणे, "ज्याच्या ट्रॉफ्या जास्त, तो पहिला." म्हणजे आमच्याच कॉलेजचे सर. मी भडकलो, "अरे, खेळणाऱ्या पोरींले तर विचारा!"

सरांच्या टीमची कॅप्टन आली, लामता गावची पोरगी. मी विचारलं, "सर कसे शिकवते, बेटा?"

"अच्छे हैं."

तेवढ्यात बाहेर मैदानावर सरांची शिट्टी वाजली. पोरगी खुर्चीवरून ताडकन उठली. "मैंने कुछ नहीं बोला," म्हनत दाराकडं पळाली.

सगळ्यांनी पाह्यलं. अन् पुन्हा ट्रॉफ्या मोजाले लागले. रँकिंगमंदी सर पहिले आले. कागदावर मीबी सही केली.

उद्यापासून माही पोरगी त्याच टीममंदी जानार हाये. सांगा, पाठवू काय?