काठावरची कुंकवाची रेघ

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून टाकली... हात थांबला असता तर बसूनच राहिले असते. त्याला सव्वा महिना झाला. मला लिहिता येत नाही फारसं. मी बोलते, भाऊजींची नात लिहून घेते. तिला मराठी लिहिणं जड जातं, म्हणून हळू बोलते.

मुकुंदभाऊजी माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी धारला आले तेव्हा ते आठ वर्षांचे, पण रीत म्हणून पहिल्या दिवसापासून मी अहो-जाहोच केलं. पुढे यांना देवासला कारखान्यात नोकरी लागली, भाऊजींना घेऊन आम्ही इकडे आलो, आणि तीन वर्षांत हे गेले. मी चार घरच्या पोळ्या धरल्या. भाऊजी शिकत राहिले. रडायला सवड नव्हती, रडले नाही.

सन सत्तर उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. भाऊजींचं संशोधन कोळशाचं. शेजारच्या भाभी हसायच्या, "क्या भिया, इतना पढ़के कोयला?" मीही एकदा विचारलं. त्यांनी पोळपाटावर चिमूटभर मोहरी टाकली. म्हणाले, "वहिनी, पोळपाट म्हणजे कोळसा, मोहरी म्हणजे गॅस. गॅस कोळशाच्या अंगाला चिकटतो. एक दाणा उचला, दुसरीकडे ठेवा. जागा पटली तर राहू द्या, नाही तर परत पहिल्या जागी. असं लाखो वेळा केलं की किती चिकटतो ते कळतं."

"लाखो वेळा कोण करणार?"

"कम्प्यूटर."

तो इंदूरला एका कॉलेजात होता. त्याला सांगायचं म्हणजे जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडायची. हा एवढा गठ्ठा, क्रम चुकला की सगळं वाया. पाळी आठवड्यातून एकदा. दिवाळीआधी उत्तर दाखवलं नाही तर स्कॉलरशिप बंद, म्हणजे शिक्षणच बंद.

तेवढ्यात खंडेनवमी आली. धारला आमच्याकडे त्या दिवशी विळी, कात्री, पोथी, ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याला कुंकू लागायचं. आता लावणारं घरात दुसरं कोण? विधवेनं कुंकवाला हात लावू नये म्हणतात... मी लावला. पाण्यात कालवून, वरच्या कार्डावर ठसठशीत बोट.

दसरा झाल्यावर भाऊजी इंदूरला गेले आणि तोंड उतरवून परत आले. वरची कार्डं एकमेकांना चिकटली होती, मशीननं ओढून फाडली. पाळी गेली. दिवाळीआधी उत्तर हाती येईल अशी एकच उरली.

भाभी अंगणातून म्हणाल्या, "सुहागन का काम सुहागन ही करे, बाई." मलाही तेच वाटत होतं.

भाऊजींनी फाटलेली कार्डं नवी करून आणली. देवातला करंडा माझ्यापुढे ठेवला. "तुमचं कुंकू गॅसपेक्षा पक्कं चिकटतं, वहिनी. आता परत लावा. कोरडं. वर नाही, गठ्ठ्याच्या काठावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ."

"माझा हात नको, भाऊजी."

"मग मी जातच नाही."

लावली.

पाळीच्या दिवशी डबा द्यायला मी स्टँडवर गेले. गर्दीत धक्का लागला, सुतळी तुटली आणि कार्डं धुळीत. भाऊजी म्हणाले, "संपलं, वहिनी." कंडक्टर ओरडतोय, "चलो भिया, चलो!" मला इंग्रजीचं अक्षर येत नाही. पण प्रत्येक कार्डाच्या काठावर लाल ठिपका होता, प्रत्येकाचा वेगळ्या जागी. मी एकेक उचललं. रेघेत बसलं तर ठेवलं, नाही तर काढून दुसरीकडे... मोहरीसारखं. शेवटी रेघ कोपऱ्याला मिळाली. भाऊजींनी हाताखालून गठ्ठा उचलला आणि पळत बस पकडली.

आठव्या दिवशी दारातूनच ओरडले, "उत्तर आलं!"

पुढे ते धारला प्रोफेसर झाले. कार्डांची मशीनं कधीच भंगारात गेली. पण दर खंडेनवमीला तो गठ्ठा घेऊन देवासला यायचे आणि करंडा माझ्यापुढे सरकवायचे. "लावा."

परवा नवमी झाली. नात गठ्ठा घेऊन आली. दुखवट्याचं वर्ष, सण नाही करायचा, मला माहीत आहे. गठ्ठा ओट्यावर ठोकून सरळ केला. रेघ फिकी झालीय, पण कुठे तुटली नाही. 'लावा' म्हणणारं कोणी नव्हतं...

करंडा मीच काढला.