न्यूनेनचा कोरा कागद

रेवतीचा फोन आला तेव्हा मी सांगलीजवळ कुपवाडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये एका पंपाला कान लावून उभा होतो. हातगाडीवर मोटारी दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली. शिक्षण बेताचं, पण कान तयार. बेअरिंग जायच्या आधी आवाज बदलतो. नेदरलँड्समधली लेक म्हणाली, "बाबा, मे महिन्यात या ना दोघं. हवा छान असते." शब्द सगळे ठीक होते, आवाज बदललेला होता. मी दुसऱ्याच दिवशी व्हिसाच्या एजंटाला गाठलं.

आमची सुनंदा, रेवतीची आई, खूश. म्हणाली, "ट्युलिप बघायला मिळतील." ट्युलिप आम्ही पोचायच्या आधीच संपले होते. तुम्हाला ते बघायचे असतील तर एप्रिलमध्ये जा. आमच्यासारखी मुलीच्या आवाजावरून तारीख ठरवू नका.

मुंबईहून विमान, ॲम्स्टरडॅमला उतरलं की विमानतळाच्या पोटातूनच आइंडहोव्हनची रेल्वे. दीड तास. तिकिटाला रांग नाही, बँकेचं कार्ड फाटकाला टेकवायचं आणि आत जायचं. उतरताना मात्र पुन्हा टेकवायला विसरू नका, नाहीतर भुर्दंड बसतो. सुनंदाने उतरताना खात्रीसाठी दोनदा टेकवलं. माझ्या मते त्या यंत्राच्या लेखी ती अजून आइंडहोव्हन स्टेशनातच आहे. दुधातुपाचं काही नेऊ देत नाहीत, म्हणून लाडू सांगलीतच राहिले. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पार झाली.

न्यूनेन हे आइंडहोव्हनला लागून असलेलं गाव, बसने वीस-पंचवीस मिनिटं. इतकं शांत की शेजाऱ्याने पेपरचं पान उलटलं तरी कळावं. एक मोठा चित्रकार इथे कधीकाळी राहून गेला आणि त्या भांडवलावर गावाने कॉफीच्या कपांपासून छत्र्यांपर्यंत सगळं विकायला काढलंय. धंदेवाईक माणूस म्हणून मला गाव लगेच आवडलं.

घरातला जिना मात्र शिडीचा सख्खा भाऊ. आमच्या दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, जावई निखिलरावांनी एका दमात वर नेल्या. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत खालीसुद्धा आले.

निखिलराव आइंडहोव्हनच्या कंपनीत इंजिनिअर. रोज साडेआठला पाठीला बॅग लावून सायकलने निघायचे, पाचला परत. तिसऱ्या दिवशी मी सुनंदाला म्हणालो, "हे ऑफिसला जात नाहीत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चेन करकरते. रोज अठरा किलोमीटर सायकल हाणणारा माणूस एवढी गंजकी चेन आठवडाभर सहन करणार नाही. हे गावातल्या गावात कुठेतरी बसून येतात."

"अहो, पंप आणि जावई यात काही फरक ठेवाल की नाही?"

ती रागावली, पण दुसऱ्या दिवशी साडेआठला तीही खिडकीपाशी कान देऊन उभी होती.

मी चहाच्या वेळी म्हणालो, "निखिलराव, रॉटरडॅमचं बंदर बघायचं होतं. रजा मिळेल का?" ते म्हणाले, "मिळेल." फार लवकर म्हणाले.

रॉटरडॅमला रेल्वेने तासाभराहून थोडं जास्त. बंदरात फिरवणारी बोट सव्वा तासाची, तिकीट माणशी वीस युरोच्या आतबाहेर. वरच्या डेकवर बसा आणि कानटोपी न्या, मे महिना असला तरी. कंटेनरचे डोंगर, आणि ते उचलणाऱ्या क्रेनच्या मुळाशी एकही माणूस दिसत नाही. उतरल्यावर कागदी कोनात तळलेले बटाटे आणि वर मेयोनेझ. दुपारच्या जेवणाला डच माणूस गार ब्रेड आणि चीज खातो आणि त्याला जेवण म्हणतो, त्यामुळे बटाटे हाच मार्ग.

बोटीवर निखिलराव म्हणाले, "बाबा, खरं सांगायचं तर मी तीन महिने रजेवर आहे. पाठ धरलीय. इथल्या डॉक्टरने पॅरासिटामॉल आणि व्यायाम दिलाय. तुम्हाला काळजी नको म्हणून बोललो नव्हतो. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय."

पाठ धरलेला माणूस तेवीस किलोच्या दोन बॅगा त्या जिन्यावरून एका दमात नेत नाही. पण मी सासरा. आमच्याकडे जावई पाच पक्वान्नं खाऊन दाखवतो, सासऱ्यासमोर आजारी पडून दाखवत नाही. मी म्हणालो, "जपा पाठीला." आणि आम्ही दोघांनी क्रेन मोजल्या.

घरी आल्यावर मी रेवतीला भांडी पुसू लागलो. ती हळूच म्हणाली, "झोपत नाही तो, बाबा. लॅपटॉप उघडला की थिजतो. पण डॉक्टरला सांगतो पाठ. पाठ बरी झाली म्हणून परत कामावर गेला तर..." तिने धुतलेलं ताट पुन्हा धुतलं. "आणि गंमत म्हणजे शनिवारी माझाच कार्यक्रम आहे, याच विषयाचा. मी बाकी सगळ्यांना समजावणार."

कार्यक्रमाची हकीकत अशी. तिथे प्रत्येकाचा एक घरचा डॉक्टर असतो, त्याला हाउसआर्ट्स म्हणतात. त्याच्या चिठ्ठीशिवाय पुढे कुठे जाता येत नाही आणि तो देतो दहा मिनिटं. त्याच्याच दवाखान्यात मनाच्या तक्रारी ऐकायला मार्लीस नावाच्या नर्सबाई बसतात. त्यांच्या लक्षात आलं, की भारतीय मंडळी पोट, पाठ, डोकं घेऊन येतात, मन घेऊन कुणीच येत नाही. म्हणून दवाखाना, नगरपालिका आणि रेवतीचं मराठी मंडळ यांनी मिळून ठरवलं: मंडळातली काही माणसं तयार करायची, जी डॉक्टरकडे सोबत जातील. भाषांतराला नव्हे, इंग्रजी सगळ्यांना येतं. पण ऑफिसच्या इंग्रजीत डेडलाइन सांगता येते, जीव रमत नाही हे सांगता येत नाही.

नगरपालिकेने सभागृह फुकट दिलं. कॉफीबरोबर एकेक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. टेबलावर दोन कागद होते: "मदत हवी" आणि "मदत करीन". अर्ध्या तासात दुसऱ्या कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. त्यात निखिलरावांचंही नाव होतं. पहिला कागद कोरा.

मंडळाचे ज्येष्ठ देशपांडे उभे राहिले. "एक अध्यक्ष लागेल. मी आग्रह धरत नाही, पण अनुभव आहे. शिवाय लोगो हवा."

"आधी व्हॉट्सॲप ग्रुप करू," कुणीतरी म्हणालं.

"ग्रुपचे नियम करू आधी," दुसरं कुणीतरी.

मार्लीसबाईंनी दोन्ही कागद उचलून बघितले आणि रेवतीला विचारलं, "हे सगळे मदत करणार. कुणाला?"

रेवतीचा चेहरा उतरला. बाईंनी मात्र कोरा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "छान! मग आज ट्रेनिंगच घेऊ. जोड्या करा. एक पेशंट, एक सोबती. पेशंटने दहा मिनिटांत तक्रार सांगायची, तुमच्या भाषेत. नाटकच आहे, पण मला खरं वाटलं पाहिजे."

नाटक म्हटल्यावर मराठी माणूस मागे हटत नाही. खुर्च्या सरकल्या. उपरा म्हणून मी उरलो, आणि निखिलरावही उरले. समोरासमोर बसलो.

आमची सुरुवात होईना, म्हणून कान आपोआप दुसऱ्या टेबलांकडे गेले. प्रत्येक टेबलावर एकच वाक्य सुरू होत होतं: "माझा एक मित्र आहे." "माझी एक मैत्रीण आहे, आई गेली तेव्हा तिला तिकीट मिळालं नाही." देशपांडे, अध्यक्षपद विसरून, खालच्या पट्टीत सांगत होते, "माझा एक मित्र आहे. मुलं त्याच्याशी डचमध्येच बोलतात. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसतो तो." त्यांचा सोबती म्हणाला, "काय ॲक्टिंग करता हो!" देशपांडे रिकामा कप तोंडाला लावून बसले.

निखिलराव घसा खाकरून म्हणाले, "माझा एक मित्र आहे. रजेआधीची गोष्ट, घरून काम. नऊला लॅपटॉप उघडतो. दहा वाजतात तरी बोट की-बोर्डवर पडत नाही. मग बायकोला कळू नये म्हणून टाइप करत बसतो. काहीही. अआइई."

"मित्राची पाठ कशी आहे?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पाठ बरी आहे, बाबा. पाठीला काहीच झालेलं नाहीये माझ्या."

मी जावयाच्या हातावर हात ठेवला. लग्नात कन्यादानाच्या वेळी ठेवला होता, त्यानंतर आत्ताच.

सोमवारी हाउसआर्ट्सकडे वेळ होती. निखिलराव म्हणाले, "तुम्ही याल? ट्रेनिंगचा भाग म्हणून." म्हटलं, सर्टिफिकेट मिळणार असेल तर येतो. डॉक्टर तरुण, उंच, चपळ. "पाठ कशी आहे?" निखिलराव म्हणाले, "बेटर." मग थांबले, माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नाही. सोबत्याचं काम तेवढंच असतं, खुर्ची न सोडणं. "पाठ नाहीये," ते म्हणाले, आणि पुढचं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगत सुटले. डॉक्टरने कॉम्प्युटरकडून खुर्ची फिरवली. दहाची वीस मिनिटं झाली. त्या देशात हे मला बंदरापेक्षा मोठं वाटलं. गुरुवारी मार्लीसबाईंकडे पहिली बैठक ठरली, आणि रुजू व्हायची तारीख पुढे गेली.

परतीच्या आधी मी सायकलच्या चेनला तेल घातलं.

आता सांगलीत आहे. रेवती सांगते, की मंडळात "मदत हवी" हा कागद काढून टाकलाय. दर दुसऱ्या शनिवारी फक्त मदत करणाऱ्यांचं ट्रेनिंग असतं आणि खुर्च्या कमी पडतात. देशपांडे अध्यक्ष झाले, लोगोही झाला. निखिलराव आठवड्यातून दोन सकाळी ऑफिसला जातात. तिसरी जमेल असं अजून वाटत नाही, हे त्यांनी मला स्वतः फोनवर सांगितलं. आवाज थकलेला होता, पण चोख होता.

एक गोष्ट सामानाबरोबर आली. तिकडे रोज पहाटे चारला जाग यायची, ती मी जेटलॅगवर खपवली होती. "जेटलॅग सांगलीत दोन वर्षं आहे ह्यांना," असं सुनंदा विहिणीला सांगताना मी ऐकलं होतं. कान तयार असण्याचा हा तोटा. गेल्या आठवड्यात बीपी तपासायला गेलो. डॉक्टरने नेहमीसारखं विचारलं, "काय, कसं काय?" नेहमीचं "एकदम फर्स्टक्लास" ओठावर आलं होतं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "माझा एक मित्र आहे."

शेजारच्या खुर्चीतून सुनंदा म्हणाली, "मित्राचं नाव सांगा."

सांगितलं.