उलटं पान

माझ्या सासऱ्यांना सगळे वेलवाले म्हणतात. ते रंगारी होते. भिंतींचे रंगारी, चित्रंबित्रं काढणारे नव्हेत, हे ते स्वतःच आधी सांगून टाकतात. लोक उगाच आदरानं बोलायला लागले की त्यांना अवघडल्यासारखं होतं.

त्यांच्या उमेदीच्या काळात घरोघरी नक्षीची भिंत लागायची. बाजारात रबरी रोलर मिळायचा, त्यावर फुलं नाहीतर ठिपके उठवलेले असायचे. तो रंगात बुडवून छतापासून खाली सरळ ओढत आणला की भिंतीवर फुलांची रांग उमटायची. सगळे रंगारी तेच चार रोलर वापरायचे, त्यामुळे कुणाच्याही घरी गेलं तरी आपल्याच घरी आल्यासारखं वाटायचं. सासऱ्यांना ते काही पटेना. त्यांनी सायकलच्या ट्यूबचं रबर कापून, लाकडी लाटण्यावर चिकटवून स्वतःचा रोलर केला. मधे वेल, दोन्ही बाजूंना पानं. चिकटवताना एक पान उलटं बसलं, टोक वेलाकडे आणि देठ बाहेर. वाळल्यावर ते लक्षात आलं. काढायला गेले असते तर शेजारची पानंही उपटून आली असती, म्हणून राहू दिलं. मग शेकडो घरांत, दर वीतभर अंतरावर, एक उलटं पान.

"कुणी तक्रार नाही केली?" मी एकदा विचारलं.

"एकानं केली. त्याला म्हटलं, प्रत्येक घरात असा एक तरी असतोच. तर तो आपल्या धाकट्या भावाकडे बघायला लागला."

माझ्या माहेरी हा वेल नव्हता. आमचं आपलं बाजारातलं निळं फूल. तेव्हाचं डिस्टेंपर म्हणजे सरसाच्या पाण्यात कालवलेली रंगाची पूड. भिंतीला टेकून बसलं की ती पाठीला लागायची. शाळेत बाई आम्हाला रांगेत उभं करून एकेकाची पाठ झटकायच्या. माझी पाठ सगळ्यांत निळी, त्यामुळे वर्गात मला 'भिंत' म्हणायचे. लग्नानंतर हे सासऱ्यांना सांगितलं, तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तेव्हापासून त्यांची कळी खुलली की मला हाक मारणार, "काय भिंतबाई, पाठ झटकू का?"

सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या होत्या. या माणसाला हसवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

भिंत बघून ते घराची कुंडली मांडतात. त्यांचं म्हणणं असं, की लोकांकडे काही नव्हतं तेव्हा भिंती भरलेल्या होत्या. खोलीत एक खाट, एक ट्रंक, आणि चारी बाजूंनी नुसती फुलंच फुलं. मग पोरं वाढली, पोरांचे तेलकट हात वाढले, तेव्हा कमरेपर्यंत गडद ऑइलपेंट आणि वर फिका असा रंग आला. पुढं टीव्ही आला, फ्रीज आला, काचेची शोकेस आली आणि त्यात कुणी कधी चहा न प्यायलेले कप आले. आता वस्तू दाखवायच्या होत्या, म्हणून भिंत गप्प बसली. त्यानंतर एका भिंतीवर धबधबा नाहीतर तळं चिकटवायची टूम निघाली. "ज्यांना कुठं जायला मिळत नव्हतं ना, त्यांनी तळं घरी आणलं," सासरे म्हणायचे. मग छताला खोटं छत लागलं आणि त्यातून दिवे डोकवायला लागले.

आणि आता ग्रे. माझा नवरा इंटिरियरची कामं घेतो. त्याच्या शेडकार्डावर बत्तीस प्रकारचे ग्रे आहेत. सासऱ्यांनी ते कार्ड एकदा डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि परत दिलं. म्हणाले, "हे सगळे रंग म्हणजे ब्रश धुतलेलं पाणी. हल्ली घरं अशी रंगवतात, जशी काही उद्याच रिकामी करायची आहेत."

नवऱ्याला राग आला. "लोक मागतात तेच देतो ना मी?"

"मी कुठं काय म्हणालो? मीही लोक मागायचे तेच दिलं."

पण दोघांनाही ठाऊक होतं, की बापाचे निम्मे वेल लेकानंच पटाशीनं खरवडून काढलेत. धंदाच तो. जुनी भिंत खरवडल्याशिवाय नवी पुट्टी धरत नाही. मीही त्यात होतेच. काम पुरं झालं की गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधीची सफाई माझ्याकडे असते. माझी पद्धत ठरलेली आहे. स्प्रेच्या पंपात साबणाचं पाणी भरायचं, अख्खी भिंत आधी भिजवायची, दहा मिनिटं मळ सुटू द्यायचा आणि मग मऊ कपड्यानं वरून खाली पुसत यायचं. आजवर एकही भिंत बिघडवली नाही, अशी माझी मिजास होती.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, की गेलेली नजर काही परत येणार नाही, आहे ती थेंबांनी जपायची. अंधार कडेकडेनं आत सरकत होता आणि मधे पाइपातून बघावं एवढंच उरलं होतं. सासऱ्यांनी ते थेंब व्रतासारखे घेतले. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. मी थेंब सोडायला गेले की खाटेवर आडवे होऊन, डोळे ताणून तयार असायचे. एकदा म्हणाले, "सूनबाई, एवढं कशासाठी जपतोय सांगू? कुठं एखादी भिंत उरली असेल माझी. ती एकदा बघू दे. मग हे दुकान बंद झालं तरी चालेल."

त्यांचा रोलर केव्हाच तडकून गेला होता, रबराचा भुगा झाला होता. फोटो काढायची तेव्हा कुणाला ऐपत होती? आणि ज्यांना होती ते भिंतींचे फोटो कशाला काढतील? चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे दाखवायला तळहाताएवढंही काही नव्हतं.

आणि अशातच ते काम आलं. एक निवृत्त शिक्षिका वारल्या होत्या. त्यांच्या लेकीला घर नवं करून हवं होतं. नवरा मापं घ्यायला गेला आणि तिथूनच त्यानं मला फोन केला. आवाज ओळखू येईना. "आतल्या खोलीत वेल आहे," म्हणाला. "पूर्ण भिंत. उलट्या पानासकट."

बाईंनी ती खोली कधी रंगवूच दिली नव्हती. लेक म्हणाली, "ही एक भिंत राहू द्या. आई इथंच खुर्ची टाकून वह्या तपासायची. आणि आता जुनं परत आलंय ना फॅशनमध्ये." तिच्या तोंडून 'फॅशन' ऐकून पहिल्यांदाच मला त्या शब्दाचा राग आला नाही.

घरी सांगितलं. सासरे उठून लगेच दाराची कडी काढायला लागले. त्यांना बसवलं. म्हटलं, रविवारी सकाळी नेतो. त्या खोलीत दहाच्या सुमाराला ऊन येतं, तेव्हा नीट दिसेल.

शनिवारी दुपारी मी एकटी तिथं गेले. तो वेल मी पहिल्यांदाच पाहत होते. फिक्या पिवळ्यावर हिरवा. मी हातानं वीत मोजत उलटी पानं शोधली आणि एकटीच हसले. पण भिंतीवर काजळी धरली होती, खुर्चीच्या मागे डोक्याच्या तेलाचा डाग होता, कोपऱ्यात जाळी होती. एवढ्याशा पाइपातून बघणाऱ्या माणसाला या मळातून काय दिसणार, असं वाटलं. त्यांच्यासाठी ती लख्ख करायची होती मला. एवढंच माझ्या मनात होतं, दुसरं काही म्हणता काही नव्हतं.

पंपात पाणी भरलं. अख्खी भिंत भिजवली. आणि दहा मिनिटं खिडकीच्या काचा पुसायला गेले.

परत वळले तेव्हा वेल खाली येत होता. हिरव्याचे ओघळ पिवळ्यात, पिवळ्याचे जमिनीवर. मी कपडा दाबून धरला, तर पानं कपड्यावर आली. दुसरीकडे दाबला, तिथलीही आली. मी पदरानं टिपलं, ओंजळीनं अडवलं. मला काय झालं होतं कोण जाणे. जिची पाठ रोज शाळेत झटकावी लागायची, तिला सरसाचा रंग पाण्यानं सुटतो एवढं कळू नये? वीस वर्षं प्लॅस्टिक पेंट धुऊन धुऊन माझे हात ते विसरून गेले होते. अर्ध्या तासात भिंत शेवाळलेल्या टाकीसारखी दिसायला लागली. मी फरशी पुसली आणि बादली मोरीत ओतली.

नवरा आला, बघून ओल्या फरशीवरच बसला. मला ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. मी बघतो."

"काय बघतोस? उद्या येणारेत ते."

"त्यांना कुठं धड दिसतंय?"

मी सांगायचं ठरवूनच घरी गेले. सासरे आरशासमोर दाढी करत होते, चाचपडत, हनुवटीला एक काप घेऊन. इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टाकलेला. मला बघून म्हणाले, "भिंतबाई, उद्या तुझी पाठ टेकवू तिथं. उलटं पान तुझ्या पाठीवर छापून आणू." मी स्वयंपाकघरात निघून गेले. याला भित्रेपणाच म्हणतात. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

सकाळी दहाला आम्ही तिघं त्या खोलीत होतो. ऊन नेमकं भिंतीवर आलं होतं. भिंत वाळली होती. सासरे मधोमध उभे राहिले आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून बघायला लागले. रोलर तिथूनच सुरू करायचा असतो. मान बोटभर बोटभर हलवत ते खाली आले, परत वर गेले, शेजारची ओळ घेतली. मग जवळ गेले. मग मागे आले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"कुठं आहे रे?" त्यांनी विचारलं.

नवरा म्हणाला, "समोरच आहे, बाबा. तुमच्या समोरच. सगळा वेल आहे."

मी खिडकीच्या काचांकडे वळले. 

सासऱ्यांनी हात पुढं केला, तळवा भिंतीवरून फिरवला आणि नाकाशी नेला. तळव्यावर पिवळट पूड होती. "हो," ते म्हणाले. "माझंच आहे हे. सरसाचा वास आहे अजून." मग त्यांनी मान हलवली. "म्हणजे डोळे गेले. मला वाटलं होतं अजून वर्षभर पुरतील."

"बाबा, तसं नाही..." नवरा म्हणाला. 

ते वळले आणि हात पुढं करून, चाचपडत दाराकडे निघाले. येताना हाच माणूस जिन्याच्या पायऱ्या बघत बघत आला होता.

दुपारी मी त्यांच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. पंप, साबण, दहा मिनिटं, मोरी. काही लपवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, म्हाताऱ्याचं मन राखायला स्वतःवर घेऊ नकोस."

"बाबा, खरंच मी धुतली."

"तू?" ते हसले. किती दिवसांनी हसले. "जिच्या पाठीला भिंत लागायची, ती डिस्टेंपरवर पाणी मारेल? दुसरं कुणी सांगितलं असतं तर मानलं असतं." मग म्हणाले, "आणि हाताला लागली ना ती माझ्या. हात कसा खोटं बोलेल?"

मी त्यांना परत तिकडं नेते म्हटलं, शपथा घेतल्या, रडले. जितकी रडले तितकी त्यांची खात्री पटत गेली. नवऱ्यानंही शेवटी कबूल केलं. ते म्हणाले, "तुझ्या बायकोनं शिकवलं वाटतं. चांगली आहे हो ती."

त्या भिंतीवर मग वॉलपेपर लागला. शिक्षिकेच्या लेकीनं फोनवरच शोधून मागवला, जुन्या वळणाचा, हिरव्या वेलाचा. माझ्या नवऱ्यानंच तो चिकटवला. सगळी पानं सुलटी आहेत आणि तो धुतलेला चालतो.

संध्याकाळी आठला मी थेंबांची बाटली घेऊन गेले की सासरे डोळे मिटून घ्यायचे. "राहू दे आता. कुणासाठी?" मी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या तपासून म्हणाल्या, नजर आहे अजून, थेंब सोडू नका. सासरे घरी येऊन म्हणाले, तिलाही तूच सांगून ठेवलंस ना. पापण्या बोटांनी उघडून मी दोन-तीनदा जबरदस्तीनं थेंब घातले. ते चेहऱ्यावरून ओघळू द्यायचे, पुसायचेसुद्धा नाहीत.

हे सात महिन्यांपूर्वीचं. आता ते आमच्या ग्रे भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जातात आणि परत आले की सवयीनं तळवा डोळ्यांसमोर धरून बघतात. आता त्यांना खरंच काही दिसत नाही.